कल्पनेचे बलुते

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे फार वेळ राहिला नाही. सुतार-लोहारांच्या सभेत हाताच्या कौशल्याची स्तुती आजवर पुष्कळांनी केली आहे आणि ती यथार्थही आहे. परंतु काम करता करता कारागिराला जी नवी युक्ती सुचते तिचे मोल किती, ते कोणी ठरवावे आणि ते कोणाच्या घरी जावे, याचा विचार आपल्या समाजात फारसा झालेला नाही. आज तोच विचार आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, हे आपणां सर्वांस विदित आहे. याच शाखेतील हरिषेण राजाचा वराहदेव नावाचा सचिव होता. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे त्याने कोरविले, आणि तसे सांगणारा शिलालेख त्या लेण्यात आजही आहे. दीड हजार वर्षे लोटली, तरी ज्याने द्रव्य दिले त्याचे नाव आपण वाचू शकतो. परंतु ज्याने छिन्नी धरली, अखंड कातळात खांब कोठे सोडावा आणि पोकळी कोठे काढावी याचा हिशेब ज्याने मनातल्या मनात केला, त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. आम्ही हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. त्या काळची रीतच तशी होती. जे लिहिले गेले ते राहिले आणि जे लिहिले गेले नाही ते विरून गेले, एवढेच तात्पर्य आपण त्यातून घ्यावे.

ती रीत आपल्या गावगाड्यातही पुढे चालू राहिली. आपल्या वाडवडिलांनी वर्षभर वखर, डवरे, तिफणी आणि बैलगाड्या नीट राखावयाच्या आणि सुगी आली की खळ्यावर जाऊन आपले बलुते घ्यावयाचे, असा व्यवहार पिढ्यानुपिढ्या झाला. लहानपणी रिकामे पोते घेऊन वडीलधाऱ्यांच्या मागे खळ्यावर गेलेली माणसे या सभेत अजून बसलेली असतील. बलुत्यात श्रमाचा मोबदला होता. परंतु एखाद्याने चाड्याची भोके बदलून बियाणे सारख्या अंतराने पडेल असे केले, किंवा डवऱ्याच्या पासेला असा बाक दिला की तण मुळासकट निघावे आणि बैलाला ओढ कमी पडावी, तर त्या कल्पनेचे निराळे बलुते त्यास कधी मिळाले नाही. ती युक्ती गावाची झाली आणि शेजारच्या गावचीही झाली. कारागिरास शाबासकी मिळाली आणि फार तर पुढच्या सुगीला एक पायली अधिक मिळाली.

बंधूंनो, बलुत्याची पद्धत गेली, पण युक्ती सुचणे थांबलेले नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या आपल्या सहाही तालुक्यांत सोयाबीन आले, तुरीचे आंतरपीक राहिले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. त्याबरोबर पेरणीयंत्रे बदलली, सरीवरंब्याची अवजारे आली, फवारणीची नवी साधने आली. कारखान्यातून आलेले यंत्र आपल्या काळ्या चिकण जमिनीत जसेच्या तसे चालत नाही. ते कोणत्या तरी वेल्डिंगच्या दुकानात येते आणि तेथे आपलाच एखादा भाऊ त्यात फेरफार करतो. तो फेरफार शेतकऱ्यास मानवला की दुसऱ्या वर्षी तीच वस्तू चार दुकानांत दिसते, आणि तिसऱ्या वर्षी दूरच्या एखाद्या कारखान्याचा शिक्का मारून ती परत आपल्याच बाजारात विक्रीस येते. आपल्या भावाच्या हाती मजुरीचे पैसे पडतात आणि कल्पनेचे काहीच पडत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा प्रकार होय. परंतु बीळ उघडे टाकून जाणे हेही शहाणपणाचे नव्हे.

येथे कोणी विचारील की, कल्पना ही काय विकण्याची वस्तू आहे? हात लावावा तर तिला आकार नाही, तराजूत घालावी तर वजन नाही. यास उत्तर म्हणून आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण देतो. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळकडे जाणारी शकुंतला गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. ती गाडी आता धावत नाही. परंतु ती धावत होती तेव्हाची व्यवस्था मोठी शिकण्यासारखी होती. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी किलिक निक्सन या मंडळीच्या व्यवस्थेखालील कंपनीने तो अरुंद लोहमार्ग घातला. गाड्या चालवी दुसरी रेल्वे आणि मार्गाची मालकी त्या कंपनीची. देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला आणि त्याच्या वापराबद्दल तिचा हिस्सा ठरलेला होता. मार्ग एकाचा, गाडी दुसऱ्याची, आणि गाडी धावेल तोवर मार्गाच्या मालकाला वाटा. शोधकाचा व्यवहार हुबेहूब असाच असतो. कल्पना हा त्याचा मार्ग आणि कारखाना ही दुसऱ्याची गाडी. या वाट्याला स्वामित्वधन अथवा रॉयल्टी म्हणतात.

आपण शेतीवाडीची माणसे असल्यामुळे याहून सोपा दृष्टांतही देता येईल. पेटंट म्हणजे कल्पनेचा सातबारा. तो आपल्या नावावर असला की दोन मार्ग मोकळे होतात. एक, वावर कायमचे खरेदीखत करून देणे, म्हणजे पेटंटचा हक्कच विकून टाकणे. दुसरा, वावर आपल्या नावावर ठेवून ते मक्त्याने किंवा बटईने देणे, म्हणजे कारखानदारास वस्तू बनविण्याचा परवाना देणे आणि दर नगामागे आपला हिस्सा घेणे. ज्याच्याजवळ कारखाना काढण्याइतके भांडवल नाही, पण डोके आणि हात आहेत, त्याला हा दुसरा मार्ग विशेष उपयोगी आहे. जगात अनेक माणसांनी हाच आपला धंदा म्हणून पत्करिला. त्यात आपला एक मराठी माणूसही होऊन गेला. त्याची हकीकत आता थोडी विस्ताराने सांगतो.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण तयार केले. तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ स्थापिले आणि 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक चालविले. वाण्याच्या दुकानातील साखर, पीठ यांसारखा माल आपोआप तोलून देणारे यंत्र तयार करण्याची स्पर्धा एका इंग्रजी नियतकालिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावली होती. घरी बसून आराखडा पाठविणाऱ्या भिशांचा त्या स्पर्धेत पहिला क्रमांक आला. मुंबईतील पुढारी मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला गेले आणि दादाभाई नौरोजींच्या दारी उभे राहिले. दादाभाई स्वतः व्यापार केलेले गृहस्थ. त्यांनी नुसता आशीर्वाद दिला नाही, तर पैशाचा रीतसर करार करून साह्य केले. ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवावी. देशभक्त दादाभाईंनीही शोधकाशी करार कागदावर केला.

लंडनमध्ये भिशांनी जाहिरातीच्या विजेच्या पाट्या केल्या, स्वयंपाकघरातील साधने केली, आपोआप पाणी सोडणारी शौचकूपे केली. परंतु त्यांचे मोठे काम म्हणजे छापखान्याचे टाइप ओतणारे यंत्र, ज्यास भिसोटाइप असे नाव पडले. एकाच वेळी अनेक टाइप ओतून काढण्याची त्याची करामत होती. छपाईच्या धंद्यात त्या काळी लायनोटाइप आणि मोनोटाइप या बलाढ्य कंपन्यांचे राज्य होते. त्यांच्यापुढे उभे राहावयाचे तर मोठे भांडवल हवे. इंग्रज समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल मिळवून देण्याचे मान्य केले, पण ते घडून आले नाही आणि १९०७ मध्ये तो उद्योग बंद करावा लागला. १९०८ च्या डिसेंबरात भिसे निराश होऊन मुंबईस परत निघाले. त्याच जहाजावर नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी भिशांची हकीकत ऐकली आणि जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. त्यातून टाटा-भिसे यांची शोधमंडळी निघाली आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. पुढे महायुद्ध आले आणि तीही व्यवस्था संपली. तेव्हा भिशांनी अमेरिकेचा रस्ता धरला.

अमेरिकेतील त्यांच्या वागण्यात शोधकाच्या धंद्याचे मर्म आहे. मोठे यंत्र अडले तेव्हा ते हात जोडून बसले नाहीत. धुण्यासाठी तयार केलेल्या एका रसायनाचे हक्क त्यांनी विकले, आणि त्या पैशाच्या आधारे १९२० च्या सुमारास टाइप ओतण्याच्या यंत्रासाठी अमेरिकेत कंपनी उभी केली. लहान कल्पनेने मोठ्या कल्पनेचे पोट भरले. आयोडीनचे एक औषधी द्रावणही त्यांनी सिद्ध केले, ते ॲटोमिडीन या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर सांगतात. त्यांना लोक हिंदी एडिसन म्हणत.

भिशांच्या चरित्रावरून तीन गोष्टी आम्हांस दिसतात. पहिली, कल्पना कितीही थोर असली तरी पैसा पुरविणाऱ्याचा शब्द तोंडी असेल तर ती अधांतरी राहते. दुसरी, एकाच शोधावर सारा संसार लावू नये. लहान, लवकर विकली जाणारी, घरोघर लागणारी वस्तू हातात असावी. तिसरी, ज्या धंद्यात आपण शिरतो तेथे आधीच कोण बसले आहे हे पाहूनच पाऊल टाकावे. भिशांची बुद्धी कोणापेक्षाही कमी नव्हती. त्यांना जन्मभर छळले ते भांडवलाच्या विवंचनेने.

आता करार कसा नसावा याचे उदाहरण पाहू. कारंज्याच्या कापसाच्या बाजारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे महत्त्व सांगावयास नको. अमेरिकेतील एली व्हिटनी याने अशा एका यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये घेतले. आपल्याकडील रोलरच्या जिनाहून ते निराळे होते, परंतु त्या देशात त्याने कापसाच्या शेतीचा कायापालट केला. व्हिटनी आणि त्याचा भागीदार यांनी काय केले? इतरांस यंत्र बनविण्याचा परवाना देण्याऐवजी सारा कापूस आपणच पिंजून काढावा आणि पाच भागांतील दोन भाग मोबदला घ्यावा, असे ठरविले. अति तेथे माती झाली. यंत्र इतके सोपे होते की गावचा कोणताही लोहार ते पाहून तसेच दुसरे करू शके. शेतकऱ्यांनी चाळीस टक्के देण्यापेक्षा नक्कल करणे पसंत केले. व्हिटनीची पुढील वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली. शेवटी दक्षिण कॅरोलिना राज्याने ५०,००० डॉलर देऊन हक्क घेतला, तेव्हा थोडेबहुत हाती आले. प्रारंभीच बेताचा हिस्सा घेऊन पुष्कळांना परवाने दिले असते, तर चोरी करणाऱ्यांपैकी कित्येक गिऱ्हाईक झाले असते. हिस्सा एवढाच मागावा की तो देणे हे नक्कल करण्यापेक्षा स्वस्त वाटावे, हा या व्यवहारातील पहिला नियम होय.

आणखी एक उदाहरण अगदी घरचे, आपल्या विदर्भातले आहे, आणि ते सांगताना मन जड होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून निवडून पेरल्या आणि बारीक, चवदार तांदळाचे एक नवे वाण सिद्ध केले. त्या काळी घड्याळांत एच.एम.टी. चे नाव मोठे होते, म्हणून बाजारात या धानालाही एच.एम.टी. हेच नाव पडले. तो तांदूळ दूरदूर गेला. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये त्यावरून शुद्ध केलेले वाण पी.के.व्ही. एच.एम.टी. या नावाने प्रसृत झाले. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, मानसन्मान मिळाले, परंतु लाखो पोती विकल्या गेलेल्या त्या तांदळाचा हिस्सा मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हाही त्यांचा संसार हातातोंडाचीच गाठ घालीत होता.

यात कोणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की दादाजी ती निवड करीत होते तेव्हा शेतकऱ्याने काढलेल्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच आपल्या देशात नव्हता. तो २००१ मध्ये झाला. आज तो आहे. आज एखाद्या शेतकरी बंधूने नवे वाण काढले तर त्याची नोंद त्याच्या नावावर होऊ शकते. आणि यंत्राच्या बाबतीत तर कायदा त्याहून पुष्कळ जुना आहे. म्हणून दादाजींचे नाव घेऊन आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या पिढीला कायद्याचे छत्र नव्हते तिचे दैव वेगळे. आपल्याला छत्र आहे आणि तरीही आपण भिजलो, तर दोष आपला.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. त्या तरुण मंडळींनी लक्षपूर्वक ऐकाव्या.

आपल्या देशातील पेटंटचा चालू कायदा १९७० चा असून तो १९७२ पासून अमलात आहे. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क राहतो; मात्र ठरलेली वार्षिक फी भरीत राहावे लागते. वस्तू नवी पाहिजे, त्या धंद्यातील जाणकारास सहज सुचेल अशी नसावी आणि ती प्रत्यक्ष बनविता आली पाहिजे. जुन्याच भागांची नुसती नवी मांडणी असेल तर पेटंट मिळत नाही. शेती करण्याच्या पद्धतीवरही मिळत नाही, पण शेतीच्या अवजारावर मिळू शकते. वस्तूची करणी जुनी परंतु रूप नवे असेल, तर त्या रूपाची नोंद २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. ती प्रथम १० वर्षे आणि मग आणखी ५ वर्षे टिकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अर्ज करण्यापूर्वी वस्तू चारचौघांत दाखवू नये. आपल्याकडे नवे अवजार झाले की ते प्रथम कृषिप्रदर्शनात मांडतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, मोबाइलवरून चित्रफीत गावोगाव जाते आणि मग कोणी तरी पेटंटचा विषय काढतो. तोवर वस्तू नवी राहिलेली नसते. सरकारने राजपत्रात खास अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांसारखे अपवाद आहेत, परंतु त्यांवर विसंबू नये. आधी अर्ज, मग हारतुरे. करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या विद्यापीठात अवजाराची चाचणी अवश्य घ्यावी, परंतु अर्ज दाखल झाल्यानंतर.

अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे करावयाचा असतो आणि तो घरबसल्या संगणकावरूनही होतो. वस्तू अजून पूर्ण झाली नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख राखून ठेवता येते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. एकट्या व्यक्तीस अर्जाची सरकारी फी संगणकाद्वारे १,६०० रुपये आणि कागदी अर्ज केल्यास १,७५० रुपये आहे. पुढे तपासणीसाठी ४,००० रुपये भरावे लागतात. एका बऱ्या वेल्डिंग यंत्राची किंमत याहून अधिक असते. खरा खर्च असतो तो जाणत्या सल्लागाराचा, कारण अर्जातील दाव्यांची भाषा हेच पेटंटचे कुंपण. ते सैल घातले तर शेजाऱ्याची गुरे शिरलीच म्हणून समजा. यास्तव तेथे काटकसर करू नये. मात्र पूर्वीची पेटंटे कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आपली कल्पना आधी कोणाला सुचली आहे काय हे आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी चार रात्री बसून पाहिले, तरी पुष्कळ पैसा वाचेल.

परवान्याचा करार करताना पुढील गोष्टी कागदावर असाव्यात. कोणत्या प्रदेशासाठी आणि किती वर्षांसाठी परवाना आहे. तो एकाच कारखान्याला आहे की इतरांसही देता येईल. सही करताना आगाऊ रक्कम किती. दर नगामागे हिस्सा किती. माल कमी खपला तरी वर्षाला किमान किती द्यावयाचे. कारखानदाराचे हिशेब पाहण्याचा हक्क आहे की नाही. आणि त्याने वस्तू बनविलीच नाही तर परवाना कधी रद्द होईल. हे शेवटचे कलम विसरू नये. दुसऱ्याची नवी वस्तू बाजारात येऊच नये म्हणून परवाना घेऊन फडताळात ठेवणारेही असतात. कायद्यानेच असे सांगितले आहे की पेटंटचा परवाना लेखी आणि सर्व अटींसह असल्याखेरीज तो ग्राह्य नाही. त्याची नोंदही पेटंट कार्यालयात करावी.

या व्यवहाराचे गणित कसे असते तेही पाहा. धरा की एखादे अवजार कारखानदार २०,००० रुपयांस विकतो आणि शोधकाचा हिस्सा शेकडा ३ ठरला आहे. म्हणजे नगामागे ६०० रुपये. वर्षाला ५०० नग गेले तर ३,००,००० रुपये झाले. स्वतःच्या दुकानात तीच अवजारे बनवावयाची म्हटली तर लोखंड, वीज, मजूर, उधारी हे सारे आपल्या माथी. परवान्यात हे ओझे दुसऱ्याचे. म्हणूनच हिस्सा लहान असतो आणि लहान असणेच रास्त आहे.

परंतु बंधूंनो, आम्ही आपणांस मृगजळ दाखवीत नाही. जगात घेतलेल्या पेटंटांपैकी पुष्कळांपासून एक दमडीही मिळत नाही. कारखानदारांची दारे ठोठवावी लागतात आणि दहांपैकी नऊ जण नाही म्हणतात. आपला शोध विकून देतो असे सांगून आगाऊ रक्कम उकळणारे दलालही या रस्त्यावर भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. म्हणून भाता विझवून, दुकान विकून कोणी शोधक होऊ नये. दुकान चालू ठेवावे, कारण शोध तेथेच सुचतो. गिऱ्हाइकाची अडचण ज्याच्या अंगणात रोज येऊन उभी राहते, त्याच्यासारखी प्रयोगशाळा कोणाजवळ आहे? मोठमोठ्या कारखान्यांत पदवीधर बसलेले असतात, परंतु जुलैच्या चिखलात पेरणीयंत्राचा नळा कोठे तुंबतो हे त्यांना आपल्याइतके ठाऊक नसते. ही आपली पुंजी आहे. ती ओळखणे हे पहिले काम आणि ती लिहून ठेवणे हे दुसरे.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक कारागिराने बांधीव वही ठेवावी आणि सुचलेली प्रत्येक सुधारणा तारीख घालून, आकृती काढून तीत लिहावी. नुसती वही म्हणजे पेटंट नव्हे, पण अर्ज त्या वहीतूनच जन्मतो. दोन, मंडळाच्या निधीतून दर वर्षी निदान दोन अर्जांची सरकारी फी भरली जावी. मिरवणुकीचा एक वाजंत्री ताफा कमी केला तर हा खर्च सहज निघेल. तीन, आपल्या समाजात आता अभियंते, वकील, शिक्षक झालेले आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून निघालेल्या लेकीही आहेत. त्यांनी वर्षातून दोन दिवस काढून कारागिरांच्या वह्या पाहाव्यात, आणि जे पाहतील ते बाहेर बोलणार नाहीत असे लिहून द्यावे. घरच्या माणसाकडून असे लिहून घेणे काहींना विचित्र वाटेल. परंतु दादाभाईंना ते वाटले नाही, मग आपल्याला का वाटावे?

आपल्या वाडवडिलांचे बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर असे. पीक बुडाले, मन बदलले, पाटील कोपला, तर खळ्यावरून रिकामे पोते घेऊन परतावे लागे, आणि दाद कोणापाशी मागणार? कल्पनेचे बलुते तसे नाही. ते लेखी आहे, हक्काचे आहे, आणि हात थकल्यावरही कराराची वर्षे संपेपर्यंत ते घरी येते. वराहदेवाच्या लेण्यात आपल्या पूर्वजांचे नाव नाही, त्याला आता इलाज नाही. पुढच्या पन्नास वर्षांत या जिल्ह्याच्या शेतात जी अवजारे चालतील, त्यांतील काहींच्या कागदपत्रांत तरी शोधक म्हणून आपल्या मुलामुलींची नावे असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.